मिठीचा गाळ : प्रवास आणि मुक्काम

विहार व पवई या तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर वाहणाऱ्या मिठी नदीत, पावसाळी नाल्यांतून आलेली माती आणि प्रक्रियेवाचून सोडलेले सांडपाणी यांचा संमिश्र गाळ साचत असतो.

• जाड गाळ : ०.०६३ मिलिमीटरहून मोठे कण, म्हणजे वाळू व खडी. हे तळाशी घरंगळत, उड्या घेत सरकतात आणि पुलांच्या खांबांपाशी, वळणांच्या आतल्या अंगाला अडतात.

• सूक्ष्म गाळ : पोयटा व चिकणमाती; वजनाच्या मानाने पृष्ठभाग विस्तीर्ण असल्यामुळे जड धातू व सेंद्रिय द्रव्ये प्रामुख्याने यालाच चिकटतात, आणि तो पाण्यात तरंगत दूरवर जातो.

• पहिला लोंढा : उन्हाळाभर नाल्यांच्या तळाशी निजलेला, प्राणवायूच्या अभावी कुजून काळा पडलेला थर जूनच्या पहिल्या जोरदार सरींनी उखडला जातो; म्हणूनच नालेसफाईची मुदत पावसाळ्यापूर्वीची.

• भरतीचा पट्टा : खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच चिकणमातीचे कण एकमेकांस बिलगून जड होतात व खाली बसतात, कांदळवनाच्या मुळांत तर हा गाळ विशेष टिकतो.

• २६ जुलै २००५ : सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, त्यात भरतीची भर पडून गाळाने उथळ झालेल्या मिठीला महापूर.