चतुर्थीची ओहोटी
नाशिकहून कुलाबा किल्ल्यापर्यंत : सायकलने व पायी

आम्हा नाशिककरांची पाण्याशी ओळख होते ती गोदावरीच्या घाटावर. पावसाळ्यात पूर आला म्हणजे पाणी किती चढले हे सांगण्यास आम्हांस मोजपट्टी लागत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यास लागले, कमरेस लागले, मारुती बुडाला, एवढे म्हटले की साऱ्या गावास काय ते कळते. हे पाणी वर्षाकाठी एकदोनदा चढते, ओसरते आणि उरलेले वर्ष शहाण्यासारखे वागते. परंतु रोज दोनदा चढणारे, रोज दोनदा उतरणारे, आणि तेही प्रत्यही निराळ्या वेळी, असे पाणी घाटमाथ्यावरील माणसाच्या अंगवळणी पडलेले नसते. गतवर्षी माघ महिन्यात या अज्ञानाची किंमत देण्याचा प्रसंग आम्हांवर आला होता. तो थोडक्यात टळला. म्हणूनच ही हकीगत वाचकांपुढे ठेवीत आहे.

फ्रान्स देशाच्या पश्चिम टोकास ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. त्याच्या किनाऱ्याशी लहान लहान बेटे विखुरलेली असून, त्यांतील काहींची वाट केवळ ओहोटीच्या वेळीच उघडी पडते. कारांतेक गावासमोरील कालो बेट हे अशांपैकीच एक. ब्रिटनीच्या दक्षिणेस न्वारमूतिए बेटाकडे जाणारी ग्वा नावाची सुमारे चार किलोमीटरांची फरसबंद वाट तर सायकलस्वारांत प्रसिद्धच आहे. १९९९ साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत त्या वाटेवरून गेली, तेव्हा ओल्या शेवाळावरून सायकली घसरून मोठा अपघात झाला आणि कित्येक नामांकित स्वार सहा सहा मिनिटे मागे पडले. माझ्या पुतण्याने हे सारे वाचले होते. डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड आडवे ओलांडणारी शर्यत पुरी केली, तेव्हापासून आमच्या गावातील तरुणांस सायकलचे जे वेड लागले, त्यातून हाही सुटलेला नाही. “काका, असं बेट आपल्याकडे नाही का?” असे त्याने विचारताच माझ्या आधी माझ्या आईनेच उत्तर दिले. “नाही कसं? अलिबागचा किल्ला आहे की!”

आईचे माहेर रेवदंड्याचे. वय ब्याऐंशी. लहानपणी वडिलांबरोबर बैलगाडीतून ती अलिबागेस गेली होती. किल्ल्याकडे निघून निम्मी वाळू तुडवून झाल्यावर वडील थांबले, पाण्याकडे पाहिले आणि तिचा हात धरून माघारी फिरले. “पुन्हा येऊ” म्हणाले. ते पुन्हा येणे काही घडले नाही. “भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर आहे म्हणतात,” आई म्हणाली, “जाल तर तांब्याभर पाणी आणा.” आणि तिने माळ्यावरचा फिरकीचा तांब्या काढून चिंचेने लख्ख घासून ठेवला.

दिवस ठरविण्यासाठी पुतण्या हातातील मोबाइल पाहू लागला, तर आईने पंचांग उघडले. “अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास. पुढे दर तिथीला दोन घटका उशीर. चतुर्थीला आठ घटका. म्हणजे सव्वातीनच्या आत भरती. तिच्या आधी सहा तास मागे जा. नऊला ओहोटी.” मोबाइलने सांगितलेली वेळ यापासून दहा मिनिटांनी निराळी निघाली. पुतण्या चकित झाला. खरे पाहता यात गूढ काही नाही. एका चांद्रमासात चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत पुरा एक दिवस, म्हणजे साठ घटका, मागे पडतो. मासाच्या तिथी तीस. तेव्हा दर तिथीस दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, इतका उशीर सरासरीने होणारच. आणि भरती चंद्राच्या मागे चालते. उपवास आणि मुहूर्त पाहण्यापुरतेच जे पुस्तक आपण घरोघर खुंटीला टांगतो, ते कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राचे वेळापत्रकही होते. मात्र हा बाराचा हिशेब आपल्या मुंबई-अलिबागच्या पट्ट्यापुरता. ब्रिटनीतील ब्रेस्त बंदरात चंद्र माथ्यावर येऊन गेल्यावर पावणेचार तासांच्या आसपास भरती होते. याच बंदरातील नोंदींच्या आधारे लाप्लास या गणितज्ञाने भरती-ओहोटीचे आपले सिद्धान्त पडताळून पाहिले होते. किनारा बदलला की अंतर बदलते. नियम तोच राहतो.

माघ वद्य चतुर्थी हा दिवस ठरला. संकष्टी असल्याने उपवास होताच. नाशिकहून इगतपुरी, तेथून थळ घाट उतरून कसारा, आणि पुढे मुंबई, असा मजल दरमजल दोन दिवसांचा प्रवास झाला. भाऊच्या धक्क्यावरून २०२० सालापासून मांडव्यास मोठी बोट जाते. तीत मोटारी चढतात, त्यांत आमच्या दोन सायकलींची काय कथा! सुमारे तासाभरात पलीकडचा किनारा लागला. मांडवा ते अलिबाग हा वीसेक किलोमीटरांचा रस्ता नारळी-पोफळींच्या सावलीतून जातो. घाटातील मालमोटारींच्या धुरानंतर ती सावली आईच्या पदरासारखी वाटली. तृतीयेच्या संध्याकाळी आम्ही अलिबागेत पोहोचलो.

सकाळी पावणेआठास किनाऱ्यावर आलो. सायकली एका ओळखीच्या गृहस्थांच्या अंगणात ठेवल्या होत्या. खारे पाणी आणि वाळू यांनी साखळीचा नाश होतो. किल्ला किनाऱ्यापासून एक ते दोन किलोमीटरांच्या दरम्यान आहे. वाळू ओली, पुढे खडक आणि मध्ये एक सखल पट्टा; तेथे घोट्याइतके पाणी अजून होते. घोडागाड्या पाणी उडवीत आमच्या पुढे गेल्या. आम्ही पायी चाललो होतो. पायांखाली समुद्राचा तळ आहे ही जाणीव चालतानाच होते. गाडीत बसून ती होत नाही.

शिवाजी महाराजांनी १६८० साली, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत, या बेटास तट घालण्याची आज्ञा केली. पुढे संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते काम पुरे झाले. मागाहून कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मुख्य ठाणे बनले. १७२१ साली मुंबईचे इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून यावर स्वारी केली आणि हात हालवीत परतले. कान्होजी १७२९ साली वारले. आंग्र्यांचे संस्थान १८४० साली कंपनी सरकारने खालसा केले. तटाचे मोठमोठे चिरे चुन्यावाचून एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तेथेच मोडतो. ज्यांनी हा तट बांधला, त्यांनी समुद्राशी वैर न धरता त्यास वाट करून दिली. किल्ल्याचा खंदकही समुद्रच. दिवसातून दोनदा तो आपोआप भरतो आणि त्यावर पहारा ठेवावा लागत नाही.

आत राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधलेले गणेश-पंचायतनाचे मंदिर आहे. संकष्टीस गणपतीचे दर्शन, तेही असे समुद्राच्या मध्यभागी! पुतण्यासुद्धा क्षणभर निःशब्द झाला. विहिरीचे पाणी काढून चाखले, खरोखर गोड. तांब्या भरला, फिरकी घट्ट बसविली. त्यानंतर तटावर गेलो. चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा पाहिल्या, उत्तरेचा सर्जेकोट पाहिला आणि तेथेच आमची चूक झाली.

चूक अशी की “ओहोटी नऊ वाजता” याचा अर्थ पुतण्याने नऊ वाजता वाट उघडते असा घेतला होता. वस्तुतः नऊ ही ओहोटीच्या तळाची वेळ. तिच्या अलीकडचे दोन तास जाण्याचे, आणि तळ गाठला की परतण्याचे. दोष एकट्या त्याचा नव्हे. मला हे ठाऊक होते. पण घड्याळात साडेदहा झालेले दिसत असूनही, समोरची वाळू कोरडी दिसते एवढ्यावर मी स्वस्थ बसलो. शेवटच्या घोडागाडीवाल्याने खालून हाक दिली, तिला आम्ही हात हालवून नकार दिला.

पाण्याची चढण सारखी नसते. भरतीच्या सहा तासांत एकूण चढणीचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात व चौथ्यात तीन तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असे पाणी साधारणतः वाढते. एकूण चढ साडेतीन मीटरांचा धरला, तर पहिल्या तासात जेमतेम वीतभर फरक पडतो आणि पाहणाऱ्यास वाटते की समुद्र झोपला आहे. तिसऱ्या तासात तोच हातभराहून अधिक, जवळजवळ कमरेइतका चढतो. आम्ही महादरवाजातून बाहेर पडलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. तिसरा तास सुरू झाला होता.

मधल्या सखल पट्ट्यात पाणी मांडीपर्यंत दिसत होते. “कमरेइतकंसुद्धा नाही, काका. पाच मिनिटांत पार होऊ,” असे म्हणून पुतण्याने विजारीच्या बाह्या वर सारल्या आणि चार पावले पाण्यात टाकलीही. दरवाजाच्या पायरीवर जाळे नीट करीत एक वृद्ध कोळी बसला होता. त्याने मान वर न करता म्हटले, “समोरचं पाणी बघू नका. ते दोन्ही अंगांनी येतंय. मधे पाय सुटला तर धरील कोण?”

त्या क्षणी मला आईच्या वडिलांची आठवण झाली. निम्मी वाट झाल्यावर, मुलगी हट्ट करीत असता, काही अपाय झालेला नसता माघारी फिरणे किती अवघड असते! मी पुतण्यास नावाने हाक मारली. माझा आवाज चढलेला होता. तो थांबला, वळला. त्याच्या चेहऱ्यावर नाराजी होती. वीस मिनिटांनी, तो जेथे उभा होता तेथे लाटा एकमेकींवर आपटू लागल्या, तेव्हा ती नाराजी गेली आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.

दुपारी भरतीच्या पाण्यावर एक होडी आली. तीतून आम्ही किनाऱ्यास लागलो. रात्री उपवास सोडण्यासाठी चंद्रोदयाची वाट पाहत वाळूवर बसलो. साडेनऊच्या सुमारास पूर्वेस माडांच्या मागून चंद्र वर आला. आणि पश्चिमेस पाहतो तो समुद्र पुन्हा दूर गेलेला, किल्ल्याची वाट पुन्हा उघडी! तेव्हा आणखी एक सोपी खूण उमगली. आपल्या या किनाऱ्यावर चंद्र उगवताना व मावळताना ओहोटी असते आणि तो माथ्यावर किंवा पायांखाली असताना भरती. घड्याळ विसरले तरी आकाश विसरत नाही. असे असले तरी बंदराच्या छापील कोष्टकांत मिनिटांचा हिशेब असतो; जाणाऱ्याने तीही पाहावीत, आणि सर्वांत आधी किनाऱ्यावरील माणसांस विचारावे.

घरी परतल्यावर आईने तांब्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने पुतण्यास आधी विचारले, “पाणी फिरलं तेव्हा कुठं होतास?”

“किल्ल्यातच होतो, आजी.”

“मग?”

“थांबलो. काकांनी हाक मारली म्हणून.”

“बरं केलंस,” ती म्हणाली. मग तिने फिरकी सोडविली, पळीभर पाणी हातावर घेऊन प्राशन केले आणि उरलेले देवघरात नेऊन ठेवले. थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, ती पुटपुटली, “बाबांना मी तेव्हा आठवडाभर बोलले नव्हते.”