रोजमेळातला भूतकाळ

आपल्या व्यापारी घरांतील वडीलधाऱ्यांना इंग्रजी मुळीच येत नाही, असे नाही. ते येते, पण भूतकाळापाशी अडते. भाव विचारणे, पावती मागणे, मालाची चौकशी करणे एवढे वर्तमानकाळात भागून जाते. परंतु सोमवारी माल रवाना केल्याचे परप्रांतीय व्यापाऱ्यास कळवताना 'वुई सेंड द गुड्स ऑन मंडे' असे लिहिले, की समोरचा समजतो, हे दर सोमवारी माल पाठवतात. परिचयातील एका कापड व्यापाऱ्यांना या एका वाक्यापायी आठवडाभर खुलासे द्यावे लागले. चूक एका अक्षराची होती. 'सेंड'च्या जागी 'सेंट' हवे होते.

चातुर्मासात प्रौढांचा इंग्रजी वर्ग घेताना मी प्रथम हे सांगते, की आपण बोलतो तो मराठी भूतकाळ इंग्रजीहून कितीतरी अवघड आहे. माल पाठवला, पेटी पाठवली, पत्र पाठवले. कर्माचे लिंग बदलले की क्रियापद बदलते. तो गेला, ती गेली, ते गेले. तेथे कर्त्याप्रमाणे बदलते. इंग्रजीत सर्वांना एकच 'सेंट' आणि एकच 'वेंट'. हे ऐकून साठीच्या माणसांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

खरी अडचण नकारात येते. मराठीत 'पाठवला'पुढे 'नाही' जोडले की काम झाले. त्याच सवयीने 'आय डिड नॉट सेंट' असे वाक्य तयार होते. व्याकरणाचा नियम तीनदा सांगूनही हे सुटेना. शेवटी एका किराणा व्यापारी काकांना विचारले, "एकच रक्कम रोजमेळात दोनदा मांडली, तर मेळ बसेल का?" ते हसले. 'डिड' लिहिले, तेव्हाच भूतकाळाची नोंद झाली; मग क्रियापद मूळ रूपातच राहावयाचे. 'आय डिड नॉट सेंड.' प्रश्नातही तेच: 'डिड यू सेंड?' त्या दिवसानंतर वर्गात कोणी चुकले, की मागून आवाज येतो, "दोनदा मांडली!"

दुसरी खोड 'होतो'ची. 'मी काल पुण्याला गेलो होतो' हे आपल्याकडे सहज बोलले जाते, म्हणून इंग्रजीत 'आय हॅड गॉन' येते. काल, परवा, गेल्या दिवाळीला असा काळ ठरलेला असला आणि नुसती घडलेली गोष्ट सांगायची असली, की साधे 'आय वेंट' पुरते. 'मी काल माल पाठवला आहे' याचेही तसेच. 'यस्टरडे' शब्दासोबत 'हॅव सेंट' चालत नाही.

उच्चारांचे मात्र कानानेच शिकावे लागते. लिहिताना शेवटी तीच दोन अक्षरे, पण 'पॅक्ट' म्हणताना त, 'ऑर्डर्ड'मध्ये ड, आणि 'लोडेड', 'काउंटेड'मध्ये वेगळा 'एड'. मूळ शब्द ट किंवा ड या ध्वनीने संपत असेल, तरच हा तिसरा उच्चार. उपवासासाठीचा 'फास्टेड' याच गटातला. पर्युषणात तो आपोआप पाठ झाला. नियम न पाळणारी क्रियापदे यादीने पाठ करू नयेत, असे माझे मत आहे. दुकानातली आठ-दहा आधी घ्यावीत: बॉट, सोल्ड, पेड, गेव्ह, टुक, ब्रॉट. बाकीची मागाहून येतात.

सरावासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. आपल्याकडे दिवसाचे दोन हिशेब आधीपासूनच आहेत. पेढीवर रोजमेळ लिहिला जातो, आणि सायंकाळच्या प्रतिक्रमणात दिवसभरातील दोषांची आलोचना होते. दोन्हींत झालेलेच आठवायचे असते. त्यानंतर वहीत तीन इंग्रजी वाक्ये लिहावीत, त्यांतले एक नकारार्थी. 'आय एट बिफोर सनसेट. आय पेड द ट्रान्सपोर्ट बिल. आय डिड नॉट कॉल माय सिस्टर.' तिसरे वाक्य लिहिणाऱ्या भाभींनी वही मिटण्याआधीच बहिणीला फोन लावला होता.

प्रौढांची चूक मध्येच तोडू नये. ज्यांच्या शब्दावर पेढी चालते, त्यांना सुनेसमोर टोकले, की पुढच्या आठवड्यात ते येत नाहीत. बोलणे पूर्ण होऊ द्यावे, आणि मग एकच चूक सांगावी.

वर्गातल्या एका आजींची नात परदेशात वाढलेली. तिला मराठी समजते थोडेसेच. आजोबा राजस्थानातून इकडे कसे आले, हे तिला आजींच्याच तोंडून ऐकायचे होते. आजींनी आठवडाभर वाक्ये घोकली. वर्गात त्या यजमानांविषयी 'ही इज व्हेरी स्ट्रिक्ट' असे म्हणाल्या. यजमान जाऊन चार वर्षे झाली होती. 'वॉज' म्हणा, असे सांगणे माझ्या जिभेवर आले, पण मी ते वाक्य तसेच सोडले.

पुढच्या मंगळवारी आजी उत्साहाने आल्या. फोनवर त्या 'ब्रिंग्ड' म्हणाल्या, तेव्हा नातीने 'ब्रॉट' असे सुधारले आणि पुढे काय झाले, म्हणून विचारले. पहिल्या दुकानाच्या भांडवलापाशी गोष्ट थांबली होती. 'उसने घेणे' याचे भूतकाळी रूप काय, हे विचारायला त्या पंधरा मिनिटे आधीच येऊन बसल्या होत्या.