उंदराची निर्भयता आणि आजोबांची झोप

मनमाडमधील माझ्या दवाखान्यात मध्यंतरी एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन आली. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले. चार रात्री डोळ्याला डोळा नाही, हात थरथरत होते, जीव घाबरा होत होता. लॅव्हेंडरच्या तेलाने चिंता दूर होते हे ‘प्रयोगशाळेत सिद्ध झाले’ असे वाचून त्यांनी अनेक वर्षांची झोपेची गोळी एकाएकी बंद केली होती.

वाचलेले खोटे नव्हते; अपुरे होते.

अशा प्रयोगांत जमिनीपासून उंचावर अधिक चिन्हाच्या आकाराची चौकट मांडतात. तिच्या दोन वाटांना भिंती असतात, दोन वाटा उघड्या असतात. उंदीर स्वभावतः भिंतीच्या आडोशाला राहतो. सुगंध दिल्यावर तो उघड्या वाटेवर अधिक वेळ रमला, तर त्याची भीती कमी झाली असे मानतात. नाशिकच्या व्ही. एस. कस्तुरे आणि सहकाऱ्यांनी हादग्याच्या पानांचा अर्क याच पद्धतीने तपासला होता; ते संशोधन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

लॅव्हेंडरच्या तेलातील लिनालूल या घटकाच्या नुसत्या वासाने उंदरांची भीती कमी होते, असे जपानमधील कागोशिमा विद्यापीठाच्या संशोधकांना २०१८ मध्ये आढळले. घ्राणशक्ती नष्ट केलेल्या उंदरांवर मात्र परिणाम झाला नाही. वार्धक्यात आपलीही घ्राणशक्ती मंदावते, हे येथे ध्यानात घ्यावे. शिवाय उंदराला ना रक्तदाबाची गोळी असते, ना एकटेपणाची व्यथा. त्याची काही मिनिटांची निर्भयता म्हणजे माणसाच्या अनेक वर्षांच्या चिंतेवरील उपचार नव्हे.

म्हणून वाचकहो, काही पथ्ये पाळावीत. झोपेची वा चिंतेची गोळी स्वतःहून कधीही थांबवू नये. ती वैद्यकीय सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी. एकाएकी थांबविल्यास आकडीही येऊ शकते. सुगंधी तेल पोटात घेऊ नये. विशेषतः निलगिरीचे तेल आणि कापूर पोटात गेल्यास झटके येतात. फेफरे असलेल्यांनी त्यांचा वासही टाळावा. दमेकऱ्यांनी तीव्र सुगंधापासून दूर राहावे. बाटली नातवंडांच्या हाती लागू देऊ नये.

आजोबांची गोळी पुन्हा सुरू केली. आता ती सावकाश कमी करीत आहोत. रुमालावरचा लॅव्हेंडरचा एक थेंब मात्र मी राहू दिला आहे. त्यांना तो आवडतो. आणि रोज रात्री तो थेंब टाकायला सून त्यांच्याजवळ घटकाभर बसते.