सीतेची वेणी कीं कोल्ह्याचें शेपूट?

आमच्या दापोडे (भिवंडी) येथील घरामागें एक जुना आंबा आहे. त्याच्या फांदीवरून दरवर्षीं ज्येष्ठांत हातभर लांबीचा एक फुलोरा लोंबूं लागतो. पांढुरक्या पाकळ्या आणि त्यांवर जांभळट ठिपके. आमची आई त्याला ‘सीतेची वेणी’ म्हणे. यंदां नातवानें पुस्तकांत पाहून सांगितलें, “आजोबा, इंग्रजींत ह्याला कोल्ह्याचें शेपूट म्हणतात!” एकाच फुलांत एकास वेणी दिसावी आणि दुसऱ्यास श्वापद, हें कसें?

ही वनस्पति आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, कुलांतील. आसामांत बिहूच्या वेळीं स्त्रिया हींच फुलें केसांत माळतात. ह्या कुलांतील पुष्कळ फुलें प्राण्यांच्या रूपाबद्दल प्रसिद्ध आहेत. जपानांतील ‘सागिसो’ पंख पसरून उडणाऱ्या बगळ्यासारखें दिसतें. पनामा देशाच्या राष्ट्रीय पुष्पाच्या गाभ्यांत पांढरें कबूतर बसल्याचा भास होतो. इक्वेडोरच्या धुकट डोंगरांतील ‘ड्रॅक्युला सिमिया’च्या फुलांत तर हुबेहूब माकडाचें तोंड!

हें सोंग कोणासाठीं? भूमध्य समुद्राभोंवतीं वाढणाऱ्या ‘ऑफ्रिस’ जातींच्या बाबतींत उत्तर स्पष्ट आहे. त्यांची एक पाकळी मधमाशीसारखी लवदार असते. गंधही मादीच्या गंधासारखा. फसलेला नर फुलाशीं झोंबतो, परागांचे पुंजके त्याच्या अंगास चिकटतात आणि पुढच्या फुलास पोंचतात. मध मात्र थेंबभरही मिळत नाहीं. अल्जीरियांतील न्यायाधीश पुयान यांचीं ह्याविषयींचीं निरीक्षणें १९१६ सालीं प्रसिद्ध झालीं. उलट, ड्रॅक्युला वंशांतील फुलांची मधली पाकळी अळंब्यासारखी दिसते, वासही तसाच. म्हणून अळंब्यांवर जगणाऱ्या माश्या तिकडे येतात. माशीला माकडाशीं काय कर्तव्य? तें तोंड केवळ आपल्या डोळ्यांनीं निर्मिलेलें. आणि आमच्या आंब्यावरचें शेपूटही तसेंच.

परंतु डोळ्यांची दुसरी एक चूक इतकी निरुपद्रवी नसते. अमरकोशांत ‘वन्दा’ शब्दाच्या पर्यायांत ‘वृक्षादनी’ व ‘वृक्षरुहा’ हीं नांवें शेजारीं शेजारीं आलीं आहेत: एक झाड खाणारी, दुसरी झाडावर उगवणारी. बांडगूळ पहिल्या प्रकारचें. त्याचें मूळ फांदींत शिरून रस शोषतें. आमरी दुसऱ्या प्रकारची. तिचीं जाड, पांढुरकीं मुळें सालीवर नुसतीं पसरतात आणि पावसाची व हवेंतील ओल घेतात. झाडाचें ती कांहींच खात नाहीं.

हे दोन्ही शब्द मला मुखोद्गत होते. तरी तीस वर्षांपूर्वीं, फुलें नसतांना, ह्याच आंब्याच्या दुसऱ्या फांदीवरची आमरी मीं बांडगूळ समजून कोयत्यानें उतरविली. आई कांहीं बोलली नाहीं. पण पुढच्या ज्येष्ठांत ती त्या फांदीकडे पाहत उभी राहिलेली मला दिसली. तेथें पुन्हां रोप आलें नाहीं. आमरीचें बीं धुळीसारखें सूक्ष्म. त्यांत अन्नाचा सांठा नसतो, आणि योग्य बुरशीची संगत मिळाल्यावांचून तें रुजत नाहीं.

गांवांत आतां शेतांच्या जागीं गोदामें उभीं आहेत; जुनीं झाडें थोडीं उरलीं. म्हणून वाचकांस विनंति एवढीच, कीं फांदीवर कोयता घालण्यापूर्वीं मुळें पाहावीं. आमच्या घरीं तें काम नातवाकडे सोंपविलें आहे. त्यानें खुशाल शेपूट म्हणावें.