साठ दिवसांची मुदत आणि न वाचलेली नोटीस

सीमाभागात भाषेचा प्रश्न म्हटला की दुकानांच्या पाट्या, बसवरचे फलक आणि मराठी शाळांची पटसंख्या यांची चर्चा होते. हे विषय महत्त्वाचेच आहेत आणि त्यांवर आम्ही वेळोवेळी लिहीतही असतो. पण भाषेमुळे सर्वांत मोठे नुकसान जिथे होते, त्या जागेकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती जागा म्हणजे नगरविकास प्राधिकरणाच्या कार्यालयात टांगलेला रंगीत नकाशा. आपल्या शेतात पुढची दहा-वीस वर्षे भात पिकणार, घरे उठणार, कारखाना येणार की रस्ता जाणार, हे त्या नकाशावर ठरते. पाटी चुकली तर पुन्हा रंगवता येते. शेतावरून एकदा मंजूर झालेली रेषा पुसणे मात्र फार कठीण असते.

बेळगाव आणि भोवतालच्या गावांच्या जमीनवापराचे नियोजन १९६१ च्या कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली होते. आराखड्याला सरकारची प्राथमिक मंजुरी मिळाल्यावर तो जाहीर करावा लागतो आणि लोकांना लेखी सूचना व हरकती देण्यासाठी साठ दिवसांची मुदत द्यावी लागते. दर दहा वर्षांनी तरी आराखड्याची फेरतपासणी व्हावी, असेही हा कायदा सांगतो. म्हणजे नियोजनात नागरिकाला स्थान दिलेले आहे. प्रश्न इतकाच, की नोटीस कन्नडमध्ये, अहवाल इंग्रजीत आणि शेतकरी मराठीत, असे झाले तर त्या साठ दिवसांचा उपयोग काय? न वाचलेली नोटीस ही न दिलेल्या नोटिशीसारखीच असते.

नकाशातले रंग

अशा नकाशात साधारणपणे पिवळा रंग निवासी भाग दाखवतो, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक आणि लाल सार्वजनिक वापराचा. हिरव्या रंगात उद्याने, मोकळ्या जागा आणि शेती येते. रंगांचा अर्थ नकाशाच्या कोपऱ्यात दिलेला असतो. आपला सर्व्हे नंबर कोणत्या रंगात आला, यावर जमिनीची किंमत ठरते, बिगरशेती परवाना मिळेल की नाही हे ठरते आणि मुलाला त्या जमिनीत घर बांधता येईल की नाही हेही ठरते.

शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या पट्ट्यातली जमीन बासमती भातासाठी प्रसिद्ध. याच शिवारात दर पावसाळ्यात बळ्ळारी नाल्याचे पाणी पसरते. अशा जमिनीवर भराव टाकून वसाहती उठल्या तर पाणी जायचे कुठे, हा प्रश्न शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. पण ही गोष्ट हरकतीच्या अर्जात मुदतीच्या आत सर्व्हे नंबरासह लिहिली गेली, तरच तिला कार्यालयात वजन येते. पारावर कितीही तळमळीने बोलले, तरी ते फायलीत जात नाही.

त्यात २०२० साली कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमे रद्द केली. शेतकरी नसलेल्यालाही आता शेतजमीन विकत घेता येते. त्यामुळे शहरालगतच्या जमिनीवर बाहेरच्या पैशाची नजर आहे. ज्याच्याजवळ नकाशा वाचणारा वकील आहे, तो आधी रंग पाहतो आणि मग जमीन पाहतो. आपला शेतकरी मात्र विक्री झाल्यावर रंग पाहतो.

स्वस्त घर महाग कसे होते

हा विषय केवळ जमीनमालकांचा आहे असे कोणी समजू नये. ज्याच्याकडे एक गुंठाही नाही, त्याचा संबंध तर अधिक जवळचा आहे. आराखड्यात गरिबाला परवडेल अशी निवासी जागा पुरेशी ठेवली नाही, तर गरीब माणूस घर बांधायचे थांबत नाही. तो बेकायदा बांधतो. शेतीच्या पट्ट्यातला एक-दीड गुंठा तो स्टॅम्प पेपरवर घेतो. त्यावर चार भिंती उभ्या करतो आणि मग वर्षानुवर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवतो.

ग्रामपंचायत हद्दीतल्या मिळकतींसाठी २०१३ पासून ई-स्वत्तूची पद्धत आली. गावठाणातल्या आणि रीतसर मंजूर झालेल्या जागांना नमुना ९ आणि ११-अ मिळतो. बाकीच्यांच्या वाट्याला ११-ब येतो. या एका अक्षराचा फरक किती मोठा आहे, हे बँकेत कर्ज मागायला गेलेल्या तरुणाला विचारावे. अनधिकृत बांधकामे दंड भरून नियमित करण्याची ‘अक्रम-सक्रम’ योजना सरकारने आणली होती. डिसेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली, पण जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. त्या योजनेवर विसंबून कोणी घर बांधले असेल, तर त्याची अवस्था अधांतरी झाली.

सरकारी घरकुलांचेही असेच आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरवण्यात आले आणि घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठेवण्यात आले. हे सुमारे २७० चौरस फूट झाले, म्हणजे गुंठ्याचा चौथा हिस्सा. पण तेवढीही स्वतःची जागा नावावर नसेल तर घरकुल अडते. म्हणून लाभार्थ्यांची यादी जितकी महत्त्वाची, तितकीच गावात घरासाठी राखलेली जागाही महत्त्वाची. ती जागा आराखडा तयार होत असतानाच मागावी लागते.

शहरातल्या झोपडपट्टीत राहणाऱ्या आपल्याच गावच्या माणसांची गोष्ट वेगळी नाही. जुनी वस्ती पाडून त्याच जागी नवी घरे बांधायची म्हटले की संमतिपत्र पुढे येते. घराचे क्षेत्र किती, लाभार्थ्याने भरायची रक्कम किती, बांधकाम होईपर्यंत राहायचे कुठे, हक्कपत्र कोणाच्या नावे, घर किती वर्षे विकता येणार नाही, या पाच गोष्टी त्या कागदावर पाहायच्या असतात. कागदाची भाषा समजत नसेल तर माणूस बोट दाखवतील तिथे अंगठा उठवतो. घरातल्या बाईचे नाव हक्कपत्रावर आहे की नाही, हे तर अनेकदा ती स्वतः शेवटी पाहते.

कायदा काय सांगतो

आमचे भांडण कन्नड भाषेशी नाही. शेजारचा कन्नड शेतकरीही इंग्रजी अहवालापुढे आपल्याइतकाच हतबल असतो. मागणी एवढीच आहे, की ज्याच्या जमिनीचा निर्णय होतो आहे, त्याला तो त्याच्या भाषेत कळावा. ही मागणी हवेतली नाही.

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार कोणाही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी सरकारांनी मान्य केलेल्या योजनेत तर असे तत्त्व आहे, की जिल्ह्यात किंवा त्याहून लहान विभागात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के वा अधिक असतील, तर महत्त्वाचे नियम व नोटिसा त्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यातले मराठी भाषकांचे प्रमाण या १५ टक्क्यांच्या वर होते. हे तत्त्व कायद्याचे कलम नव्हे, सरकारांनी दिलेला शब्द आहे. म्हणूनच त्याची आठवण दर वेळी लेखी करून द्यावी लागते.

भूसंपादनाबाबत कायदा अधिक स्पष्ट आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचना ग्रामपंचायतीत स्थानिक भाषेत लावण्याची तरतूद आहे आणि हरकतीसाठी साठ दिवस आहेत. राष्ट्रीय महामार्गाचे संपादन मात्र १९५६ च्या महामार्ग कायद्याखाली होते. तिथे अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावा लागतो, त्यांपैकी एक देशी भाषेतले असावे लागते, आणि हरकतीला मिळतात फक्त एकवीस दिवस. हलगा-मच्छे बायपासच्या वेळी शेतकऱ्यांना किती झगडावे लागले, हे या भागाने पाहिले आहे. एकवीस दिवसांतले दहा दिवस नोटीस कोणाकडून तरी वाचून घेण्यात गेले, तर उरते काय?

आराखड्यातला जमीनवापर पुढे बदलायचा झाला, तरीही नियोजन कायद्याप्रमाणे तो प्रस्ताव त्या भागात खप असलेल्या दैनिकात देऊन हरकती मागवायच्या असतात. आपल्या गावात कोणत्या भाषेतल्या दैनिकाचा खप आहे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. ग्रामपंचायतींनी ठराव करून प्राधिकरणाला हे कळवावे.

गोव्याचा धडा

लोकांनी नकाशा वाचला तर काय होते, याचे उदाहरण शेजारीच आहे. गोव्यात २००६ साली प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला. डोंगर, शेते आणि बागायती यांचे मोठे भाग वसाहतींसाठी खुले झाल्याचे लोकांच्या ध्यानात आले. गोवा बचाव अभियान उभे राहिले, सभा झाल्या, गावोगावी नकाशे पसरून पाहिले गेले. जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढचा, २०२१ चा आराखडा करताना गावांची मते मागवावी लागली.

तिथेही लढा संपलेला नाही. २०२३ मध्ये नियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालून आराखड्यातल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याची वाट काढण्यात आली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम आणि मार्गदर्शक सूचना रद्द ठरवल्या. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या सरकारी वापरालाही त्यात जागा ठेवली. तरीसुद्धा लोकांना नकाशा स्वतःच वाचावा लागला. भाषेचा हक्क मिळाला तरी वाचण्याचे कष्ट चुकत नाहीत.

शब्द ओळखीचे, लिपी अनोळखी

मराठीत कागद मिळावा यासाठी मागणी चालूच राहील. पण तोवर मुदत थांबत नाही. म्हणून हातात येणारा कन्नड कागद ओळखायला शिकणे हा शहाणपणा आहे, शरणागती नव्हे. लिपी बाजूला ठेवली तर त्यातले निम्मे शब्द आपल्याला कळतात. ‘महायोजने’ म्हणजे बृहत् आराखडा. ‘प्रकटणे’ म्हणजे जाहीर नोटीस. ‘आक्षेपणे’ किंवा ‘तकरारु’ म्हणजे हरकत. ‘वसती वलय’ म्हणजे निवासी पट्टा, ‘कृषी वलय’ म्हणजे शेतीचा. ‘भूपरिवर्तने’ म्हणजे बिगरशेती आणि ‘भूस्वाधीन’ म्हणजे भूसंपादन. ‘फलानुभवी’ म्हणजे लाभार्थी. एका शब्दापासून मात्र सावध राहावे. ‘निवेशन’ हा शब्द आपल्याला निवेदनासारखा वाटतो, पण त्याचा अर्थ आहे घरासाठीचा प्लॉट. निवेशनाचा अर्ज निवेदन समजून बाजूला ठेवला, तर जागा गेलीच म्हणून समजा.

गावाने करायचे काय

प्रत्येक गावात कन्नड शाळेत शिकलेली किंवा कॉलेजात कन्नड घेतलेली दोन-चार मुले-मुली असतात. त्यांना हाताशी धरून युवक मंडळाने किंवा वाचनालयाने महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीचा फलक आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा वाचाव्यात. त्यातले सर्व्हे नंबर मराठीत उतरवून देवळाजवळच्या फळ्यावर लावावेत. आराखडा जाहीर झाला की गावाच्या भागाची प्रत पैसे भरून घ्यावी. हरकत मराठीत लिहावी आणि सोबत तिचे कन्नड भाषांतर जोडावे, म्हणजे भाषेचे निमित्त करून कोणी ती बाजूला सारणार नाही. हरकतीत भावनेचे शब्द कमी आणि सर्व्हे नंबर, क्षेत्र, पीक, नाला, विहीर, वाट यांचा तपशील जास्त असावा. दिलेल्या प्रतीवर पोच व तारीख घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचली जात असताना बायकांनीही हजर राहावे आणि यादी मराठीत वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा.

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. त्याचा निकाल यायचा तेव्हा येईल. पण प्राधिकरणाचा साठ दिवसांचा आणि महामार्गाचा एकवीस दिवसांचा हिशेब त्या निकालाची वाट पाहत नाही. सीमा कुठेही ठरो, त्या दिवशी आपले शेत आणि आपले घर आपल्या नावावर असले पाहिजे. त्यासाठी पुढची नोटीस लागेल त्याच दिवशी ती वाचणारा एक माणूस प्रत्येक गावाने आजच नेमावा.