भार वाटणारा जॉबर : मुक्त की विकतचा?

गिरण्यांच्या दिवसांत सकाळी दारावर जॉबर उभा असे. कोणत्या बदलीवाल्याला कोणत्या साच्यावर धाडायचे, हे तो ठरवी. संगणकाच्या दुनियेत हेच काम लोड बॅलन्सर करतो. संकेतस्थळावर एकदम गर्दी लोटली, की तो ती मागच्या सर्व्हरांवर वाटून देतो. एखादा सर्व्हर आजारी पडला, तर त्याच्याकडे काम धाडायचे थांबवतो. जॉबर दस्तुरी घेई. याची दस्तुरी कोण घेतो, तेवढेच आज पाहायचे.

एका दिवाळीच्या तोंडावर आमच्या कामगार पतपेढीचे संकेतस्थळ कर्जाच्या अर्जांनी बसले. माणसे सणाला रिकाम्या हाताने घरी गेली. तेव्हा कुठे आम्हांस, सातवी शिकलेल्या माणसास, हे शास्त्र समजून घ्यावे लागले. एक विक्रेता तयार यंत्र घेऊन आला. आमची तरुण पोरे म्हणाली, मुक्त-स्रोत घ्या, पैसा लागत नाही.

दोघेही अर्धेच खरे बोलत होते. एचए-प्रॉक्सी ही मुक्त प्रणाली विली तारो यांनी २००१ साली खुली केली. तिचा कोड कोणीही वाचावा, दुरुस्त करावा. सर्व्हर जिवंत आहे की नाही, हे ती ठराविक वेळाने स्वतःच विचारून घेते. इगोर सिसोएव यांची २००४ सालची एंजिन-एक्सही मुक्तच; परंतु २०१३ साली तिची विकतची आवृत्ती निघाली, आणि आपणहून विचारपूस करण्याची ही सोय विकतच्या बाजूला राहिली. मुक्त आवृत्तीस एखाद्या गिऱ्हाइकाचे काम फसल्यावरच कळे, की सर्व्हर मेला! पुढे २०१९ साली एफ-फाइव्ह कंपनीने एंजिन-एक्सची कंपनी ६७ कोटी डॉलरना घेतली.

विकतच्या मालात मध्यरात्री जाब विचारायला कोणी असते, हे खरे. तथापि महाग म्हणजे सुरक्षित नव्हे. एफ-फाइव्हच्याच बिग-आयपी यंत्रांत २०२० साली असा दोष सापडला, की व्यवस्थापनाचे दार उघडे राहिले असल्यास परक्याला परवलीच्या शब्दावाचून ताबा घेता येई.

मग आम्ही पोरांना विचारले, रात्री दोनला हे बंद पडले तर उठणार कोण? माना खाली गेल्या. शेवटी एचए-प्रॉक्सी दोन साध्या यंत्रांवर बसवली. एक पडले तर कीपअलाइव्हड नावाची दुसरी मुक्त प्रणाली पत्ता दुसऱ्याकडे सोपवते. जॉबरही आजारी पडतोच की! वाचलेल्या पैशातून दोघां पोरांचा रात्रपाळीचा भत्ता ठरवला. संचालक कुरकुरले, फुकटच्या वस्तूला भत्ता कशाला? ठराव एका मताने मंजूर झाला.