बिनतारी दाराचा कडीकोयंडा

आमच्या सोसायटीत कुणाकडे नवे इंटरनेट आले, की दुसऱ्या दिवशी मला बोलावणे ठरलेले! जोडणी करणारा मुलगा मोठा चपळ. भिंतीला भोक पाडले, राउटरचे दिवे लुकलुकले, की "झालं बघा काका," म्हणून तो जिना उतरतो. पासवर्ड म्हणून घरमालकाचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो. का, तर लक्षात राहायला बरा!

बरा खरा, पण कुणाला? आपल्याकडचा मोबाइल नंबर दहा आकडी, आणि पहिला आकडा ६ ते ९ पैकीच. म्हणजे सगळे नंबर जमेस धरले तरी ४ अब्ज. तुम्हांआम्हांला ही संख्या अफाट वाटेल. परंतु आपला फोन राउटरशी जोडला जाताना दोघांत ओळखीची जी देवघेव होते, ती जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला हवेतून टिपून घेता येते. मग घरी स्वस्थ बसून तो एकेक नंबर ताडून पाहतो. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकाला हे काही तासांचे काम. २००४ सालच्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीतली ही उणीव २०१८ च्या डब्ल्यूपीए-३ मध्ये दूर केली आहे. तेथे प्रत्येक अंदाज राउटरलाच विचारावा लागतो. सोय असेल तर तीच निवडावी. नसेल तर एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहावेत. परात, टांगा, खजूर, भोवरा असे काहीतरी. (हेच नकोत, ते आता छापून झाले!)

"अहो, शेजाऱ्याने थोडे वापरले तर काय बिघडले?" असे एका गृहस्थांनी मला विचारले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या थोडेसेच आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीची ई-मेल गेली होती. माग निघाला तो थेट नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरापर्यंत. त्या घरचे वाय-फाय उघडे होते आणि ते परक्यानेच वापरले होते. पण पोलीस आधी आले ते त्या घरी. गृहस्थ गप्प झाले आणि त्यांनी मुकाट्याने मला राउटर दाखवला.

राउटरला पासवर्ड दोन असतात, हे पुष्कळांच्या गावीही नसते. एक वाय-फायचा, दुसरा खुद्द राउटरच्या आत शिरून फेरफार करण्याचा. हा दुसरा अनेकदा कारखान्यातून आला तसाच, म्हणजे 'अ‍ॅडमिन', राहून जातो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने अशा साठेक ठरावीक जोड्यांच्या बळावर लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. ब्राउझरमध्ये राउटरच्या तळाशी छापलेला पत्ता टाकावा (बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो) आणि तो पासवर्ड आधी बदलावा. तेथेच डब्ल्यूपीएस नावाची सोय दिसली तर बंद करावी. तिचा पिन ८ आकडी. पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा, म्हणून ११,००० प्रयत्नांत तो हमखास सापडतो. हे २०११ मध्येच उघडकीस आले.

राहता राहिले दिवाळीचे पाहुणे. भाचरे घरात पाऊल टाकताच पासवर्ड मागतात. त्यांच्यासाठी 'गेस्ट' हे वेगळे जाळे सुरू करावे. इंटरनेट मिळते, आणि घरच्या संगणकापर्यंत कुणाचा हात पोचत नाही. भाऊबीज झाली की ते बंद करता येते.